नेव्हिस रेंजचा डाउनहिल मार्ग : विश्वचषकाच्या उतारावर एक दिवस

स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्समध्ये, फोर्ट विल्यम गावापासून काही मैलांवर, ओनाख मोर या डोंगराच्या पायथ्याशी नेव्हिस रेंज हे केंद्र आहे. हिवाळ्यात येथे स्कीइंग चालते आणि बर्फ सरल्यावर स्कीइंगसाठीच्याच गोंडोलातून, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेतून, माउंटन बाइक डोंगरावर नेल्या जातात. २००२ ते २०२४ या काळात बहुतेक वर्षी येथे डाउनहिलच्या, म्हणजे डोंगरावरून वेळेविरुद्ध सायकलने खाली उतरण्याच्या शर्यतीच्या, विश्वचषक मालिकेतील फेऱ्या झाल्या, तर २००७ आणि २०२३ या दोन वर्षी जागतिक अजिंक्यपदाची शर्यतही याच उतारावर झाली. वानखेडेच्या खेळपट्टीवर तिकीट काढून कोणाला फलंदाजी करता येत नाही. येथे मात्र शर्यत नसलेल्या दिवशी, अंगात पुरेसे कौशल्य असल्यास, जगज्जेत्यांचा मार्ग एका दिवसाच्या तिकिटात आपल्याला मिळतो. गेली काही वर्षे ग्लासगोत राहत असताना टीव्हीवर पाहिलेली ही शर्यत प्रत्यक्ष हातापायांनी समजून घ्यावी, या इच्छेने मी तेथे गेले.

गोंडोला साधारण ६५० मीटर उंचीपर्यंत नेतो आणि त्याला बारा ते पंधरा मिनिटे लागतात. वरून निघणारा मार्ग सुमारे २.८ किलोमीटर लांब असून त्यात साधारण ५५० मीटरचा उतार आहे. हे अंतर आघाडीचे पुरुष स्पर्धक साडेचार मिनिटांच्या आसपास कापतात, म्हणजे केबिनला वर चढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात ते खाली पोहोचतात. माझ्या पहिल्या फेरीला एकोणीस मिनिटे लागली, आणि त्यात तीन वेळा मी बाजूला थांबून हात झटकले.

हे हात झटकणे हाच या मार्गाचा खरा धडा आहे. वरचा भाग उघड्या माळावर आहे. खाली पीटची मऊ, पाणी धरून ठेवणारी जमीन असल्यामुळे मार्गाला दगडांचा पृष्ठभाग दिलेला आहे, आणि तो दगड चाकाखालून एक क्षणही शांत राहत नाही. डाउनहिल सायकलीला पुढे-मागे सुमारे २०० मिलिमीटरचे सस्पेन्शन असते, तरीही सततचे हादरे हँडलमधून मनगटात आणि तेथून कोपरापर्यंत चढत जातात. ब्रेकवर बोटे आवळलेली असतात, हाताच्या पुढच्या भागातील स्नायू रक्ताने फुगून टणक होतात आणि काही वेळाने बोटे उघडतही नाहीत व नीट मिटतही नाहीत. स्पर्धक याला ‘आर्म पंप’ म्हणतात. हा शब्द मी समालोचनात अनेकदा ऐकला होता. पण ब्रेक दाबायचा आहे हे मेंदूला कळते आणि बोटांना ते जमत नाही, ही अवस्था अंगावर आल्यावरच त्याचा अर्थ उमगला. पुढे झाडीत शिरल्यावर ओली मुळे आणि चिखल लागतो. अगदी तळाशी मार्ग रुंद होतो, वेग वाढतो आणि मोठमोठ्या उड्या येतात. इतर अनेक मार्गांवर शेवट म्हणजे सुटका असते, येथे मात्र सर्वांत थकलेल्या क्षणी पॅडल मारण्याची आणि उडी घेण्याची वेळ येते. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने या मार्गावर सर्वाधिक विश्वचषक फेऱ्या जिंकल्या आणि २०२१ मध्ये इटलीतील वाल दी सोले येथे वयाच्या ३९ व्या वर्षी तो जगज्जेता झाला. एवढी वर्षे असे हादरे सोसून कोणी शिखरावर कसे राहिले असेल, या प्रश्नाने त्या दिवशी माझी पाठ सोडली नाही.

येथे आल्यावर माझा सल्ला असा, की पहिली फेरी पायी करावी. सायकलस्वारांच्या वाटेत न येता, जेथे परवानगी असेल तेवढ्याच भागातून. व्यावसायिक स्पर्धकही सरावापूर्वी मार्ग चालूनच पाहतात. कोणत्या दगडाच्या डावीकडून जायचे, कोणत्या मुळावर ब्रेक सोडायचा, पाऊस आला तर हीच लाइन, म्हणजे चाक नेण्याची नेमकी वाट, टिकेल का, हे ते वाकून, थांबून, पुन्हा वर चढून ठरवतात. मग सराव, पात्रता फेरी आणि शेवटी एकच धाव, जिच्यात दुसरी संधी नसते. आपल्याला पडद्यावर दिसतात ती साडेचार मिनिटे. उरलेला आठवडा टायरमधील हवा मोजण्यात, सस्पेन्शन जुळवण्यात, आभाळाकडे पाहण्यात आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहण्यात जातो. ज्यांच्यामागे सायकल कंपनीचा संघ असतो त्यांच्याकडे मेकॅनिक असतात. जे स्वतःच्या खर्चाने येतात ते व्हॅनमध्ये झोपतात, स्वतःच चेन धुतात आणि पुढच्या फेरीसाठी ऑस्ट्रिया, इटली किंवा अँडोराकडे स्वतःच गाडी हाकतात. २०२३ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पुरुषांसाठी ३० आणि महिलांसाठी अवघ्या १० जागा ठेवण्यात आल्या. प्रक्षेपणाच्या सोयीसाठी असे नियम होतात हे मला समजते, तरी दहा ही संख्या मला आजही बोचते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेन्झरहाइड येथे ब्रिटनची डाउनहिल स्पर्धक रेचेल अॅथर्टनने जवळजवळ चार वर्षांच्या खंडानंतर, आई झाल्यावर, आपला चाळिसावा विश्वचषक विजय मिळवला होता. तिच्यासारखी एखादी परतीची वाट कितीजणींसाठी मोकळी राहते, याचा विचार व्हायला हवा.

आता सेवेविषयी. गोंडोलावरील कर्मचारी सायकल चढवताना घाई करत नाहीत आणि माझ्यासारखी नवखी व्यक्ती दिसली की कोणता मार्ग घेणार आहात हे आपुलकीने विचारतात. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे. विश्वचषकाचा मार्ग नवशिक्यांसाठी नाहीच. ‘टॉप चीफ’ हा लाल, म्हणजे अवघड पण त्याहून सोप्या, श्रेणीचा मार्गही वरूनच निघतो आणि माझ्या मते प्रथम त्यावर दोन फेऱ्या केल्याशिवाय दुसरीकडे वळू नये. मी हा क्रम उलटा केला आणि त्याची किंमत उजव्या गुडघ्याने मोजली. पॅड होते म्हणून केवळ खरचटण्यावर निभावले. फुल-फेस हेल्मेट, पाठीचे संरक्षण आणि पूर्ण बोटांचे हातमोजे यांशिवाय वर जाऊच नये. माझी सायकल मी दुसऱ्या शहरातील एका दुकानातून भाड्याने आणली होती. तिचे ब्रेक पॅड झिजलेले निघाले आणि तिसऱ्या फेरीत लिव्हर थेट हँडलला टेकू लागला. सायकल कोठूनही घ्या, पॅडची जाडी निघण्यापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहा.

हवामान हा येथील सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. फोर्ट विल्यम परिसरात पाऊस मुबलक पडतो, वारा वाढला की गोंडोला थांबवावा लागतो. त्यामुळे लांबून येणाऱ्यांनी एक दिवस राखून ठेवावा. वारा पडला की मिज नावाचे चिलटांहून बारीक कीटक घेरतात. रांगेत उभे असताना हेल्मेटच्या आत शिरलेले मिज काढता येत नाहीत, म्हणून तोंडावर ओढायची जाळी खिशात असावी. वरच्या ‘स्नोगूज’ उपाहारगृहात गरम सूप मिळते आणि आभाळ मोकळे असल्यास समोर दूरवर पाण्याचे पट्टे दिसतात. शेजारचा बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वोच्च डोंगर १३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ३०१ मीटरने कमी. पण येथील थंडी आणि वारा पाहता ही तुलना कागदावरच सोडून द्यावी.

माझी शेवटची फेरी चौदा मिनिटांत झाली. तळाच्या मोठ्या उडीच्या बाजूने मी सायकल हातात धरून उतरले, आणि २०२३ मध्ये चार्ली हॅटन आणि वाली होल जेथे जगज्जेते म्हणून थांबले होते त्या गवतावर बसून हातमोजे काढले. बोटे उघडायला बराच वेळ लागला. मग उठून दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढले.