पवनचक्क्यांच्या पठारावर कापडी शेड : अकरा महिने वापरल्यानंतर

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला आमचं पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम चालतं. मी तिथलं स्टोअर सांभाळतो. गेल्या एप्रिलमध्ये पत्र्याचं शेड न बांधता आम्ही कापडी शेड उभं केलं. उन्हाळा, वादळ, पावसाळा, थंडी सगळं त्याच्यावरून गेलंय, म्हणून आता लिहितोय.

कापडी शेड घ्यायचं कारण सरळ होतं. जागा भाड्याची, काम तीन वर्षांचं. पत्र्याचं शेड म्हणजे पाया खोदा, टँकरने पाणी आणून काँक्रीट भिजवत बसा, आणि जाताना निम्मं तिथंच सोडून या. हे शेड उकलून ट्रकमध्ये भरता येतं. आमचं १२ मीटर रुंद, २४ मीटर लांब, मधोमध ६ मीटर उंच, अर्धगोल आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपच्या सात कमानी आणि त्यावर पीव्हीसीचा थर दिलेलं ९०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ९०० ग्रॅम वजनाचं, पांढरं पॉलिस्टर. कापडाच्या कडेत दोरी शिवलेली असते. ती अॅल्युमिनियमच्या खाचेतून सरकवायची आणि खालून रॅचेटने, म्हणजे पट्टा आवळायच्या दातेरी कळीने, ताण द्यायचा. आठ माणसं आणि एक हायड्रा क्रेन, सहा दिवसांत शेड उभं. किंमत पत्र्याच्या शेडच्या आसपासच पडली, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका.

पहिल्या दिवशी आमचे वॉचमन आप्पा कमानींकडे बघून म्हणाले, "भाऊ, हाऊ तंबू आठे टिकाव नही." त्यांचं म्हणणं मला मनातून पटलं होतं. जिथं वारा आहे म्हणून पवनचक्क्या आल्या, तिथंच आम्ही कापड ताणत होतो.

हिशोब करून बघा. या आकाराच्या छताचं सगळं कापड साधारण चारशे किलोचं. दोन-तीन बैलांएवढंही वजन नाही, आणि वाऱ्याला पाठ मात्र साडेचारशे चौरस मीटरची. वारा असल्या शेडला वरून दाबण्यापेक्षा उचलतो जास्त. म्हणून याचा पाया वजन पेलायला नसतो, शेडला जमिनीशी धरून ठेवायला असतो. पुरवठादाराने स्क्रूसारखे जमिनीत फिरवायचे अँकर आणले होते. आमच्या पठारावर हातभर मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अँकर दोन फुटांवर अडले. त्याचा माणूस म्हणाला, एवढं पुरे. आम्ही ऐकलं नाही. आमच्या सिव्हिल इंजिनिअरने कमानीच्या प्रत्येक पायाखाली काँक्रीटचे ठोकळे घालायला लावले आणि खडकात बोल्ट बसवून घेतले. त्या दोन दिवसांच्या वादावादीमुळेच हे शेड आज उभं आहे, असं मी मानतो. शिरपूर, चोपड्याकडे तापीकाठच्या काळ्या मातीत कुणी घेणार असेल तर वेगळा त्रास आहे. तिथं अँकर सहज घुसतील, पण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि धरलेलं सैल होतं. तिथं नुसत्या अँकरवर भरवसा ठेवू नका. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ प्रमाणे वाऱ्याचा हिशोब करून दिलेला कागद सहीनिशी मागा, आणि तो तुमच्या जागेचा आहे का ते बघा.

एक चूक मात्र आमची झाली. दरवाजा पश्चिमेला ठेवला, कारण रस्ता त्या बाजूला होता. मेच्या मधल्या आठवड्यात संध्याकाळी अवकाळी वादळ आलं तेव्हा ट्रॅक्टर आत घ्यायला दरवाजा अर्धा उघडा होता. वारा आत शिरला आणि तव्यावरची भाकरी फुगावी तसं छत वर फुगलं. रॅचेटचे पट्टे करकर वाजत होते, शेवटच्या कमानीचा पाय थरथरताना मी डोळ्यांनी पाहिला. चौघांनी लोंबकळून दरवाजा बंद केला, आणि छत दोन श्वासांत खाली बसलं. सकाळी मोजले तर अकरा रॅचेट सैल, दोन बोल्टांचे वॉशर वाकलेले. आठवड्याच्या आत दरवाजा पूर्वेच्या तोंडाला नेला. पावसाळ्यात इथं वारा पश्चिमेकडूनच झोडपतो. त्या सगळ्या वाऱ्यात कापड कुठंही फाटलं नाही.

ताणाबद्दल मात्र पुरवठादाराने चुकीचं सांगितलं. वर्षातून एकदा आवळा म्हणाला. नवं कापड पहिल्या काही आठवड्यांतच ढिलं पडतं, आणि ढिलं कापड वाऱ्यात फडफडून पाइपवर घासतं. ऑगस्टमध्ये तिसऱ्या कमानीवर तळहाताएवढ्या भागात थर झिजून आतले धागे दिसायला लागले होते. आता दर महिन्याला आवळतो.

ठिगळ लावणं अवघड नाही. कापड पुसून कोरडं करायचं, बाहेरच्या बाजूचा चकचकीत थर सँडपेपरने घासायचा, नाहीतर ठिगळ धरत नाही. मग गरम हवेच्या गनने दोन्ही वितळवत रोलर फिरवायचा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा वाऱ्याने उचलतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी वाटाण्याएवढी चार भोकं पडली होती, तीही अशीच बुजवली. ठिणगीने कापड पेटलं नाही, वितळून विझलं. तरी वेल्डिंग आम्ही बाहेर नेलं आणि ऑइलचे ड्रमही आत ठेवत नाही.

दिवसा दिवा लागत नाही, बोल्टवरचा नंबर दुपारी आत सहज वाचता येतो. हे मला सगळ्यात आवडलं. पत्र्यासारखी डोक्यावर भट्टीही होत नाही. पण मेमध्ये बारा ते चार आत कष्टाचं काम होत नाही, दोन्ही तोंडांना वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या असूनही. पाऊस जोरात असला की आत फोनवर बोलता येत नाही.

ज्याची मला कल्पनाच नव्हती ते थंडीत कळलं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडची रात्र किती गारठते ते इथल्यांना ठाऊक आहे. एकेरी कापडाला आतून दव धरतं आणि पहाटे थेंब थेंब खाली गळतं. एका यॉ मोटरवर, म्हणजे पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे फिरवणाऱ्या मोटरवर, गंजाचे ठिपके आले तेव्हा कळलं. इलेक्ट्रॉनिक कार्ड सगळी कंटेनरमध्ये हलवली, बेअरिंगच्या खोक्यांखाली पॅलेट आणि वर ताडपत्री. पुन्हा घ्यायची वेळ आली तर दुहेरी कापडाचंच मागेन, त्यासाठी जास्त पैसे लागले तरी.

मे तोंडावर आलाय. या आठवड्यात प्रत्येक पायाचा बोल्ट तपासून सगळे रॅचेट पुन्हा आवळायचे आहेत. आप्पांनी पान्याला तेल लावून ठेवलंय, आणि कुठल्या कमानीपासून सुरुवात करायची तेही तेच सांगतात.