बाबांच्या नसा कडक झाल्यात का बघायची टेस्ट : सांगलीतला अनुभव

बाबा ७१ चे, एसटीच्या वर्कशॉपमधनं मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, शुगर १४ वर्षांपासून. वरचं बीपी १६८ आणि खालचं ७२, दोन्हीत एवढं अंतर बरं नाही, ६० च्या वर गेलं की या वयात मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याची शंका घ्यायची असते, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ही टेस्ट लिहून दिली. सांगलीतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरला दोनदा जाऊन आलो, १८०० रुपये. नाव लिहीत नाही, पण ज्यांना घरच्या म्हाताऱ्या माणसाला न्यायचंय त्यांनी वाचा.

टेस्ट खरंच सोपी आहे, सुई नाही काही नाही. झोपवतात, दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना बीपीचे पट्टे बांधतात, मनगटांना ईसीजीचे चिमटे, छातीवर छोटा माइक. पट्टे फुगतात तेव्हा जरा आवळतं, बाकी पाच मिनिटांचं काम. हृदयाच्या ठोक्याची लाट दंडापर्यंत आणि घोट्यापर्यंत कधी पोचते ते बघून तिचा वेग काढतात. नस मऊ असेल तर धक्का मधेच जिरतो आणि लाट सावकाश जाते, कडक असेल तर सुसाट. मी समजावत होतो तर बाबाच म्हणाले, "म्हणजे होसपाईप वाळला की पंपाचा झटका तसाच पुढं जातो, तसं." अगदी तसंच. म्हणून तर वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं, आणि तो झटका किडनीच्या, मेंदूच्या बारीक नसांना सोसावा लागतो.

पहिल्या दिवशी सगळा गोंधळ. लिफ्ट बंद, दोन मजले चढून गेलो, बाबांनी रिक्षात तंबाखू लावलेली, आणि तिथल्या मुलाने काहीही न विचारता लगेच झोपवून पट्टे बांधले. आकडा आला १९.८ मीटर सेकंदाला, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत 'रक्तवाहिन्यांचं वय ८५'. बाबांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, रात्री अर्धी भाकरी खाऊन उठले. मला त्या लाल अक्षरांचा अजून राग आहे, ७१ वर्षांच्या माणसाच्या हातात असं लिहून द्यायचं आणि समजावून सांगायला कुणी नाही? वर मी मोबाईलवर शोधलं तर १० च्या पुढे धोका असं दिसलं, म्हणजे आमचा दुप्पट, माझीपण झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अहो तो १० चा आकडा मान ते जांघ अशा मोजणीचा, दंड ते घोट्याचा आकडा मुळातच मोठा येतो, त्यात १४ पर्यंत चांगलं आणि १८ च्या वर जास्त धोका धरतात. शिवाय मोजताना बीपी चढलेलं असेल तर आकडापण चढतो, पुन्हा करा. रिपोर्टवर कुठल्या पद्धतीने मोजलं हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती!

दुसऱ्यांदा सकाळी ८ ला गेलो, भांडून अर्धे पैसे कमी करून घेतले. त्या दिवशीची टेक्निशियन मुलगी फार चांगली. "काका, तीन तासांत चहा, तंबाखू काही घेतलंय का?" विचारलं, पंख्याखाली दहा मिनिटं शांत पडून राहायला लावलं, बोलू पण दिलं नाही. बीपी १५२/७०, आकडा १७.१. चांगला नाहीच, पण १९.८ पण नाही. ठोके अनियमित असतील तर ही टेस्ट भरवशाची येत नाही, ते आधी सांगा, हेही तिनंच सांगितलं.

आता काउंटरची तक्रार. रिपोर्ट देताना एक माणूस बाजूला घेऊन म्हणाला, नसा साफ करायचं ड्रिपचं पॅकेज आहे, आत्ता घेतलं तर डिस्काउंट. कृपा करून घेऊ नका. हा आत बसलेला गाळ नाही जो धुऊन निघेल, नसेची भिंतच बदललेली असते. भिंतीतले लवचिक धागे वयाने तुटत जातात आणि ते शरीर पुन्हा धडपणे बनवत नाही, त्यांच्या जागी कोलॅजन नावाचं कडक प्रोटीन वाढतं, आणि रक्तात शुगर जास्त राहिली की ती त्या कोलॅजनला चिकटून धागे एकमेकांत जखडून टाकते. बाबांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.४, म्हणजे हे रोज चालूच आहे. त्यात वयाने मांड्या बारीक झाल्या, जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच, तेच कमी झाल्यावर साखर रक्तात रेंगाळणारच. म्हणून डॉक्टरांनी ड्रिप नाही, दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं चालणं, खुर्चीतनं हात न टेकता उठ-बस, मीठ कमी, तंबाखू बंद असं सांगितलं. बीपीची गोळी बदलली पण जपून, कारण खालचं आधीच ७० आहे, वरच्याच्या मागे लागून ते फार खाली न्यायचं नाही.

याच टेस्टमध्ये पायाच्या आणि हाताच्या बीपीचं गुणोत्तर पण मिळतं. ०.९ किंवा कमी आलं तर पायाच्या नसेत अडथळा असू शकतो. पण जुन्या शुगरवाल्यांनी १.४ च्या वर आलं तर खूश होऊ नका, नस इतकी कडक असते की पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा फुगतो. बाबांचा १.०९, ते ठीक.

मशीनला आणि त्या मुलीला पाचपैकी पाच, काउंटरला शून्य. पुढच्या वर्षी परत तिथेच, सकाळी ८ चीच वेळ घेणार, कारण मशीन बदललं की आकडे एकमेकांशी लावून बघता येत नाहीत. लिफ्ट चालू आहे का ते मात्र आधी फोन करून विचारा.