‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’: लेकीसाठी काही महिने वापरल्यावर

आम्ही अटलांटाजवळ राहतो. मी नाशिकची, नवरा इथलाच, ब्लॅक अमेरिकन. मुलगी दहावीत. गेल्या वर्षी तिची झोप उडाली, शाळेचं नाव काढलं की पोट दुखायचं. आधी एका समुपदेशकाकडे नेलं. वर्गातल्या मुली न विचारता केसांना हात लावतात असं तिने सांगितलं, तर ‘कौतुकाने लावत असतील’ असं उत्तर मिळालं. ती चिडली, तर ‘आक्रमक’ अशी नोंद झाली. पुढे ती गाडीतून उतरायलाच तयार होईना.

मग नणंदेने ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ हे ब्लॅक बायका-मुलींच्या मानसिक आरोग्यासाठीचं संकेतस्थळ सुचवलं. अटलांटाच्याच मानसशास्त्रज्ञ डॉ. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी 2014 मध्ये ते सुरू केलं. पॉडकास्ट आहे, आणि थेरपिस्टची यादी. यादीत थेरपिस्टची माहिती आणि संपर्क मिळतो, फोन आपणच करायचे. थेरपिस्ट ऑनलाइन असली तरी आपल्या राज्यात थेरपी करायची परवानगी तिच्याकडे हवी. वाट बरीच पाहावी लागली. देशातल्या मानसशास्त्रज्ञांत ब्लॅक मंडळी 5 टक्क्यांच्या आसपास, मग रांग लागणारच.

पण वाट पाहिल्याचं चीज झालं. रविवारची सबंध दुपार केस धुण्यात, गुंता सोडवण्यात, वेण्या घालण्यात जाते, हे आमच्या थेरपिस्टबाईंना सांगावं लागलंच नाही. त्यांनी थेट विचारलं, “हात लागला तेव्हा तू काय केलंस? आणि काय करावंसं वाटत होतं?” लेक तासभर बोलत होती. एरवी तो तास समजावण्यातच गेला असता, आणि पैसेही आम्हीच भरले असते. आता ती झोपते. परीक्षेच्या आठवड्यात पोट अजून दुखतं.

सासूबाई अलाबामाच्या. त्यांचा भरवसा चर्चवर, डॉक्टरांवर नाही, आणि मला तो संशय रास्त वाटतो. अलाबामातल्याच टस्कीगीत 1932 ते 1972 सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या ब्लॅक पुरुषांना फसवून उपचाराविना ठेवलं, त्यावर पेनिसिलिन मिळू लागल्यावरसुद्धा. हे उघड झालं तेव्हा सासूबाई शाळेत होत्या. थेरपिस्टबाईंनी प्रार्थनेला नाव ठेवलं नाही, उलट सासूबाईंनाच एकदा बोलावून घेतलं. आता नातीला त्याच सोडायला जातात.

नवरा मात्र थेरपीला जाणाऱ्यातला नाही. त्याच्यासारख्यांसाठी लॉरेन्झो लुईस यांनी सुरू केलेल्या ‘कन्फेस प्रोजेक्ट’चं काम मला फार मोलाचं वाटतं. 2016 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प न्हाव्यांना शिकवतो: खुर्चीतल्या माणसाचं ऐकायचं कसं, आणि गरज दिसली तर पुढे कुठे पाठवायचं. पुरुष मन मोकळं करतात ते तिथेच.

तुम्ही पहिला फोन कराल तेव्हा एवढं विचाराच: किशोरवयीन मुलांबरोबर काम केलंय का, आमचा विमा चालतो का, नसेल तर उत्पन्न पाहून फी कमी करता का. जिवावर बेतलं असेल तर यादी चाळत बसू नका. अमेरिकेत आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तर मदतीसाठी 988 हा फोन क्रमांक जुलै 2022 पासून चोवीस तास सुरू आहे.