खोकं नवं, पार्ट जुना

परत आलेला ऑल्टरनेटर (गाडीची बॅटरी चार्ज करणारा पार्ट) खोकं न उघडता रॅकवर चढला, की पैसे बुडाले म्हणून समजा. पार्ट्सच्या काउंटरवरची ही नेहमीची फसवणूक, आणि तिला दोन मिनिटांची घाई पुरते.

प्रकार असा. गिऱ्हाईक नवा ऑल्टरनेटर नेतं. दुसऱ्या दिवशी, नेमकं गर्दीच्या वेळी, परत येतं: "बसत नाही हो, पुली वेगळी आहे." खोक्यावरचा नंबर बिलाशी जुळतो, थर्माकोल जागच्या जागी, वजनही तेवढंच. काउंटरवरचा मुलगा पैसे परत देऊन टाकतो. आत असतो गाडीतून उतरवलेला जुना ऑल्टरनेटर, डिझेलने धुऊन चंदेरी स्प्रे मारलेला. बिंग फुटतं ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत, इंजिन चालू असूनही बॅटरीचा दिवा विझत नाही तेव्हा. तोवर पहिला माणूस गायब, आणि दुसऱ्याच्या लेखी चोर म्हणजे दुकानदार.

पकडणं अवघड नाही, फक्त पार्ट हातात घ्यायला हवा. आधी बोल्ट बसतो त्या कानांची तोंडं पाहा. एकदा जरी आवळला असेल तरी बोल्टच्या डोक्याची गोल चकाकी तिथे उमटते. मग पुलीच्या खाचा: पट्टा फिरला असेल तर खाचांच्या भिंती घासून चकचकीत होतात. स्क्रूच्या डोक्यात, वायर जोडायच्या दांड्याच्या आट्यांत चंदेरी रंग शिरलेला दिसला तर पुढे बोलायलाच नको. तरी शंका राहिली तर मागचं झाकण काढून स्लिप रिंग, म्हणजे कार्बन ब्रश जिच्यावर घासतात ती फिरणारी कडी, बघा. नवीन रिंग सपाट असते, चाललेल्या रिंगवर कार्बन ब्रशने पाडलेले पट्टे दिसतात. ऑक्सिजन सेन्सरचं तर याहून सोपं: गरम धूर एकदा लागला की टोकाचा रंग बदलतो. फ्युएल पंप नाकाला लावा, वास लपत नाही.

विकतानाच खोकं गिऱ्हाइकासमोर उघडा आणि पार्टवरचा अनुक्रमांक बिलावर लिहा. अनुक्रमांक नसेल तर कनेक्टरच्या आतल्या कडेला पेंट मार्करचा बारीक ठिपका द्या. रिटर्न घेताना खोक्यावरचा नंबर बघूच नका, पार्टवरचा बघा.

दुसरा फटका खरेदीत बसतो, आणि तो मोठा असतो. स्वस्त लॉट देणारा आधी दहा नग अस्सल पाठवतो. विश्वास बसला की शंभराच्या ऑर्डरमध्ये वरचा थर अस्सल, खाली डुप्लिकेट. म्हणून नमुना खालच्या थरातून काढायचा. क्यूआर कोड स्कॅन करून "अस्सल" असं आलं, एवढ्याने समाधान मानू नका. एकच कोड छापून शेकडो खोक्यांवर चिकटवता येतो. पाच खोक्यांचे कोड एकमेकांशी ताडून पाहा.

सगळ्यात वाईट माल म्हणजे एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाड्यांची व्हील बेअरिंग. यातल्या बऱ्याचशांत एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय एन्कोडर असतो, चाकाचा वेग सेन्सर त्यावरूनच वाचतो. डुप्लिकेटमध्ये तिथे साधं रबरी सील. माप तंतोतंत, बेअरिंग बसतं, आवाज न करता फिरतं, पण एबीएसचा दिवा लागतो. मिस्त्री सेन्सरवर संशय घेतो, गिऱ्हाईक सेन्सरही विकत घेतं, आणि दिवा तसाच. चुंबकीय क्षेत्र दाखवणारं कार्ड सीलवर ठेवलं तर एकाआड एक पट्टे उमटले पाहिजेत. कार्ड नसेल तर पातळ कागद ठेवून त्यावर लोखंडाचा बारीक कीस भुरभुरा, पट्टे दिसतील. मात्र जोरदार चुंबक जवळ नेऊ नका, चांगलं बेअरिंग खराब होईल. (बसवताना एन्कोडरची बाजू उलटी झाली तरीही दिवा लागतोच, त्यामुळे पुरवठादाराशी भांडण्याआधी ते तपासा.)

इरिडियम स्पार्क प्लगमध्ये मधल्या इलेक्ट्रोडचं टोक जेमतेम 0.4 ते 0.6 मिलिमीटर जाड असतं. नकली प्लगवर ते डोळ्यांना सरळ जाडजूड दिसतं. भिंगातून बघा, व्हर्नियरच्या जबड्यात धरू नका, टोक मोडेल.

नकली मालाला ही खोकी कुठून मिळतात? बरीचशी गॅरेजच्या कचऱ्यातून, अस्सल आणि होलोग्रामसकट. रिकामं खोकं टाकताना होलोग्रामवरूनच आडवं फाडा.

फोनवरच्या ऑर्डरचंही तसंच. ओळखीच्या गॅरेजचं नाव सांगून कोणी महागडे सेन्सर आणि हेडलॅम्प उधारीवर मागतं, "मुलगा पाठवतो" म्हणतं. चेसिस नंबर विचारा. खरा मिस्त्री सतराही अक्षरं वाचून दाखवतो, कारण चुकीचा पार्ट आला तर गाडी त्याच्याच रॅम्पवर अडकणार. "कुठलाही चालेल, लवकर द्या" असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि त्या गॅरेजच्या आपल्या वहीतल्या नंबरवर स्वतः फोन लावा.