निवृत्तीच्या पैशात रोखे घेतले, त्याला चौदा महिने झाले

निवृत्तीला सहा वर्षं उरली, तरी माझी सगळी बचत शेअरमध्येच होती. रोखे (बॉन्ड), म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरावीक मुदतीसाठी व्याजाने दिलेलं कर्ज, हे पैसा झोपवून ठेवणं आहे, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. चौदा महिन्यांपूर्वी ३० टक्के रक्कम रोख्यांत वळवली.

मन वळलं ते एका हिशेबामुळे. पगार चालू असताना बाजार पडला तर आपण स्वस्तात खरेदी करतो. निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पडला तर मात्र घर चालवायला पडत्या भावात शेअर फंडाची युनिट, म्हणजे फंडातले आपले हिस्से, विकावी लागतात, आणि विकलेली युनिट बाजार सावरल्यावर आपल्यासाठी सावरत नाहीत. सरासरी परतावा तोच असला तरी वाईट वर्षं आधी आली की गंगाजळी लवकर आटते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा एसअँडपी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही ३७ टक्के घसरला. तिथल्या रोख्यांचा प्रमुख निर्देशांक त्याच वर्षी ५ टक्क्यांच्या आसपास वाढला. हे आकडे पाहून मी खरेदी केली.

आणि लगेच चुकले. जास्त व्याज दिसलं म्हणून लांब मुदतीचा बॉन्ड फंड घेतला. चार महिन्यांत व्याजदर अर्धा टक्का चढले आणि 'सुरक्षित' पैसा साडेतीन टक्क्यांनी कमी झाला. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. फंडाच्या माहितीपत्रकात 'ड्युरेशन ७ वर्षं' असं लिहिलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं. त्याचा अर्थ असा की व्याजदर एक टक्का वाढले तर भाव साधारण सात टक्के पडतो, उतरले तर तेवढाच चढतो. २०२२ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं: महागाई आवरण्यासाठी दर झपाट्याने वाढले, तो अमेरिकी रोखे निर्देशांक १३ टक्के घसरला आणि शेअरही सोबत पडले. शेअर पडले की रोखे वर जातातच, हा माझा समज तिथेच संपला.

मग मांडणी बदलली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या चार वर्षांच्या खर्चाइतके सरकारी रोखे घेतले, दरवर्षी एकाची मुदत संपेल असे. मधल्या काळात भाव काहीही होवो, मुदतीच्या शेवटी दर्शनी किंमत, म्हणजे रोख्यावर लिहिलेली मूळ रक्कम, हातात येणार, हे कळल्यावर रोज भाव पाहणं आपोआप थांबलं. उरलेली रक्कम कमी ड्युरेशनच्या फंडात आहे. कमी पतमानांकनाच्या, म्हणजे कर्ज फेडण्याची खात्री कमी मानलेल्या, कंपन्यांचे रोखे मी मुद्दाम टाळले. मंदीत शेअर पडतात तेव्हाच त्या कंपन्याही हप्ते चुकवू लागतात, म्हणजे ज्या दिवसासाठी रोखे घ्यायचे त्याच दिवशी ते दगा देणार.

दहाव्या महिन्यात शेअर चांगलेच घसरले. रोख्यांचा हिस्सा ३४ टक्क्यांवर गेला, तेव्हा फंडातले थोडे काढून शेअर घेतले आणि पुन्हा ३० वर आणला. पूर्वी अशा वेळी माझ्याकडे घ्यायला पैसेच नसायचे. चौदा महिन्यांची बेरीज केली तर निव्वळ शेअर ठेवून थोडे जास्त मिळाले असते, पण त्या घसरणीत मी काही विकलं नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

महागाईचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ठरावीक व्याज देणारा रोखा वीस वर्षांच्या महागाईपुढे टिकत नाही, म्हणून हिस्सा ४० टक्क्यांपुढे नेणार नाही. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी त्यातला काही भाग महागाईशी जोडलेल्या रोख्यांत हलवायचा विचार आहे.