हळूहळू बदलाचे इंग्रजी शब्द: आठ महिने वापरल्यावर

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीचं काम बघतो. शिक्षण खानापूर तालुक्यात मराठीतून. शॉपमध्ये निम्मं बोलणं कन्नडमध्ये, आणि ग्राहकाला मेल इंग्रजीत. गणपतीच्या आधी एका ग्राहकाला मी लिहिलं, 'द साइज हॅज चेंज्ड'. म्हणायचं होतं ते वेगळंच: इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं, झिजत जातो तसा शाफ्टचा व्यास मायक्रॉन-मायक्रॉननं वाढत चाललाय, आम्ही ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमध्ये हत्याराची जागा तेवढीच सरकवून, तो जागेवर आणतोय. त्यांना वाटलं साइज एकदम बदलली. सगळा लॉट परत मोजावा लागला, दोन दिवस गेले. तेव्हा वही केली. हळूहळू होणाऱ्या बदलाचा जो इंग्रजी शब्द भेटेल तो लिहायचा आणि त्याच आठवड्यात वापरून बघायचा.

सगळ्यात जास्त कामाला आले ते 'ड्रिफ्ट' आणि 'क्रीप'. पाण्यावर सोडलेली होडी कुणी न ढकलता सरकत जाते, तो ड्रिफ्ट. गेजचं शून्य असंच सरकतं. नकळत वर चढत राहणं म्हणजे 'क्रीप अप'. 'द साइज इज क्रीपिंग अप' एवढं लिहिलं की पुढचा माणूस घाबरत नाही, पण लक्ष ठेवतो. मला नेमकं हेच हवं होतं.

'ग्रॅज्युअली' म्हणजे 'स्लोली' असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. 'स्लोली'मध्ये वेग असतो. 'ग्रॅज्युअली' आलाय लॅटिनमधल्या पाऊल किंवा पायरी या अर्थाच्या शब्दावरून, 'ग्रेड'ही त्याच घरातला. मधली पायरी न गाळता झालेला बदल, मग तो तासाभरात का होईना. इन्सर्ट तासाभरात झिजला तरी ते ग्रॅज्युअलीच. त्याची कड तुटली तर 'सडनली'. पहिल्यात ऑफसेट द्यायचा, दुसऱ्यात मशीन थांबवून मागचे जॉब, म्हणजे आधी बनलेले नग, तपासायचे. या एका फरकासाठी सगळी वही वसूल झाली असं मी मानतो.

'ग्रो' मला आमच्या ऑपरेटरनं शिकवला, तोही इंग्रजीत नव्हे. तो बैलहोंगलकडचा. मशीनवरून ओरडतो, 'साहेब्र, साइज स्वल्प स्वल्प हेच्चागाक हत्तैत्री!' म्हणजे साइज थोडी थोडी वाढायला लागलीय. मग त्याला विचारलं, ऊस वाढतो त्याला काय म्हणता? 'बेळे.' शेतकरी ऊस पिकवतो त्याला? तेही 'बेळे'च, आणि पोर वाढतं तेही. वर पिकालाही बेळेच म्हणतात. इंग्रजी 'ग्रो'ची रीत हीच: झाड ग्रो होतं आणि शेतकरीही झाड ग्रो करतो. मराठीत आपल्याला वाढणं आणि पिकवणं असे दोन शब्द लागतात, म्हणून आपण अडखळतो. सीमाभागात राहून कानावर पडणारं कन्नड इंग्रजीला असं कामाला येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाबद्दल मात्र 'माय सन हॅज इन्क्रीज्ड' लिहू नका, मी लिहिलंय. 'इन्क्रीज' आकड्याला, किमतीला, वजनाला. माणसाला 'ग्रो अप'.

'गो' आणि 'टर्न' यांचा नियम कळायला दोन महिने लागले. दूध 'गोज सावर', पाव 'गोज स्टेल', केस 'गो ग्रे'. 'गो' बहुतेक वेळा नासण्याकडे, उतरणीकडे नेतो. 'टर्न' रंगाला आणि वयाला: पानं 'टर्न यलो', माणूस 'टर्न्स फॉर्टी'. बोलताना अडलं तर 'गेट' बिनधास्त वापरा, 'इज गेटिंग बेटर' म्हणजे आपलं 'बरं होत चाललंय'. 'बिकम' मी मेलपुरता ठेवलाय. 'वेअर ऑफ' आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला उपयोगी पडला. कागदावर लिहिलं होतं की बधिरपणा वेअर ऑफ होईल. आईला सांगितलं, भूल आपोआप उतरेल, घाबरू नको.

शेवटी 'एन' लागणारे शब्द माझे फार आवडते. 'थिक'चा 'थिकन', 'डार्क'चा 'डार्कन', 'हार्ड'चा 'हार्डन'. होण्याची सगळी क्रिया त्या एका शेपटात. बायकोनं घरी कुंदा केला त्या दिवशी कढईपुढं उभा राहून हे पाठ केले: दूध आटतंय म्हणजे थिकन, तांबूस होतंय म्हणजे डार्कन. पण ही शेपटी सगळ्यांना लागत नाही. 'कूल', 'ड्राय', 'स्लो' हे जसेच्या तसे क्रियापद होतात. इथं नियम शोधत बसू नका, ऐकून घ्या.

नवीन माणसाला मी एकदम वीस शब्द घ्यायला सांगणार नाही. आपल्या कामातले चार घ्यावेत, महिनाभर तेच चालवावेत. लोणचं 'मुरतं' त्याला बरोबर बसणारा शब्द मला अजून मिळालेला नाही. 'मॅच्युअर' लिहून बघितलं, त्यात मीठ-तिखट आत जाण्याची गोष्ट येत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच ग्राहकाला मेल गेला: साइज ग्रॅज्युअली क्रीपिंग अप, दर 40 जॉबनंतर ऑफसेट. उलट एकच प्रश्न आला, शेवटचा ऑफसेट कितव्या जॉबला दिला? लॉट परत मोजायला कुणी सांगितलं नाही.