खान्देशात फिरताना दुचाकी कशी राखावी: डिस्क लॉक, साखळी, जीपीएस की चोर स्विच?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिवसभर फिरणारा, तोरणमाळला मुक्कामी जाणारा आणि भुसावळ स्टेशनला गाडी लावून आठवडाभर मुंबईला जाणारा, या तिघांना एकच कुलूप सांगून चालत नाही. दुकानदार सांगतो, कारण त्याला हातातला माल खपवायचा असतो. तुमची गाडी कोणती, ती किती वेळ उभी राहणार आणि कुणाच्या नजरेसमोर, हे तिन्ही आधी ठरवा.

एक गोष्ट मात्र तिघांनाही लागू आहे. शहाद्याहून खेतिया, शिरपूरहून सेंधवा, रावेरहून बऱ्हाणपूर, अशी खान्देशातून परराज्यात जायला फार वेळ लागत नाही. नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्यामुळे 'गेली तर मोबाईलवर शोधू' या भरवशापेक्षा गाडी जागची हलूच न देणं मला जास्त मोलाचं वाटतं. खर्चाची पहिली रक्कम तिथे घालावी, शोधायच्या यंत्रावर नंतर.

कंपनीचं हँडल लॉक लावायचंच, पण त्यावर विसंबायचं नाही. आत एक छोटी पिन खाचेत बसते, बस्स. जोराच्या झटक्यापुढे ती फार टिकत नाही. गाडी जुनी असेल तर किल्ली आणि किल्लीचं घर दोन्ही झिजलेलं असतं, आणि दुसऱ्याच गाडीची घासलेली किल्लीही त्यात फिरते. बऱ्याच स्कूटरना आणि काही मोटरसायकलींना किल्लीच्या भोकावर चुंबकी शटर असतं. ते भोक झाकतं, त्यामुळे अशी किल्ली आत जातच नाही. पण ते आठवणीने बंद करावं लागतं, आणि नव्वद टक्के लोक करत नाहीत असा माझा आपला अंदाज.

डिस्क लॉक की साखळी

दुकानात पहिल्यांदा हातात येतं ते डिस्क लॉक, म्हणजे चाकाच्या ब्रेकच्या चकतीला (डिस्कला) लावायचं कुलूप. मुठीएवढं, डिकीत किंवा जाकिटाच्या खिशात मावणारं, साधं घेतलं तर साधारण चार-सातशेला आणि अलार्मवालं हजार-दीड हजाराला. पण खान्देशातल्या गावोगावच्या निम्म्या गाड्यांना ते बसतच नाही. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, जुनी प्लॅटिना किंवा जुनी अॅक्टिव्हा असेल तर पुढेमागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक असण्याचीच शक्यता जास्त. डिस्कच नाही तर लॉक लावणार कशाला? तेव्हा आधी चाकाजवळ वाकून बघा, मग पैसे काढा.

डिस्क असेल तर लावायची एक रीत आहे. डिस्कच्या भोकांपैकी कॅलिपरच्या (डिस्कला आवळणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या) अगदी जवळच्या भोकात पिन घालायची, म्हणजे गाडी ढकलली की लॉक लगेच कॅलिपरला अडतं. लांबच्या भोकात घातलं तर चाक पाऊण फेरा फिरतं आणि तेवढ्या वेगाने आदळून डिस्कही वाकू शकते. हीच गत आपली आपणही करून घेऊ शकतो: घाईत लॉक विसरून गाडी काढली की पुढचं चाक जाम, आणि माणूस हँडलवरून खाली. म्हणून सोबत मिळणारी भडक रंगाची स्प्रिंगसारखी वायर लॉकपासून थेट अॅक्सिलरेटरच्या मुठीला अडकवायची. ती वायर नसलेलं डिस्क लॉक मी फुकट मिळालं तरी घेणार नाही.

अलार्मची मात्र भुरळ पडू देऊ नका. डब्यावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं, आणि रात्री दोनला लॉजच्या आवारात तो आवाज खरोखर कामाचा आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्यात, एका बाजूला लाउडस्पीकर आणि दुसऱ्या बाजूला पाळणे चालू असताना, तो कुणाला ऐकू जाणार? शिवाय गाड्या खेटून लावलेल्या असतात. शेजाऱ्याने आपली गाडी काढताना धक्का दिला की तुमचं लॉक बोंबलतं. तीन वेळा बोंबललं की चौथ्यांदा कुणी मान वळवत नाही.

डिस्क लॉकची खरी कमजोरी वेगळी. ते चाक अडवतं, गाडी नाही. दोघा-तिघांनी उचलून पिकअपमध्ये टाकली की लॉकसकट गेली. शंभर-सव्वाशे किलोची कम्युटर गाडी उचलायला फार पैलवान लागत नाहीत. इथे साखळी उजवी ठरते, कारण ती गाडीला जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधते.

पण कोणती साखळी? प्लास्टिकच्या नळीतला वायर लॉक सायकलसाठी ठीक. गाडीला तो म्हणजे नुसता देखावा, पक्कडसारख्या हत्याराने तुटतो. साखळीची कडी निदान १० मिलिमीटर जाड, कडक केलेल्या पोलादाची आणि शक्यतो चौकोनी किंवा षटकोनी काटछेदाची हवी, कारण गोल कडीपेक्षा तिच्यावर कटर नीट पकड घेत नाही. वरचं कुलूप साखळीइतकंच दणकट हवं. दोन हजारांची साखळी आणि पन्नास रुपयांचं कुलूप ही जोडी मी गावोगाव पाहतो. ग्राइंडरपुढे कोणतीच साखळी टिकत नाही, हेही खरं. पण ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, आणि गर्दीच्या ठिकाणच्या चोराला घाई असते.

बांधताना साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसच्या भागातून न्यायची. नुसतं पुढचं चाक बांधलं तर एक्सलचा नट खोलून चाक तिथेच सोडून बाकी गाडी नेता येते. साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही. जमिनीवर टेकलेल्या कडीवर घण घालणं सोपं जातं. खांब बघताना वरही नजर टाका, कारण वरून मोकळा असलेल्या बुटक्या खांबावरून साखळी सरळ उचलून काढता येते. यात्रेच्या शेतात खांबच नसतो, तिथे सोबतच्या मित्राची गाडी हाच खांब. दोन्हींची मागची चाकं एका साखळीत घेतली की निम्मं काम झालं.

साखळीचं दुखणं म्हणजे वजन. चांगली साखळी दोन ते चार किलो भरते, आणि उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला टेकलेला असताना पाठीवर हे ओझं नको होतं. मागच्या सीटला बंजी दोरीने नीट आवळून न्या. हँडलला गुंडाळून तर कधीच नाही. दुपारी उघड्यावर तापलेली साखळी सोडताना हात भाजतो, त्यामुळे कापडी वेष्टणाची घेतलेली बरी.

तेव्हा माझा कौल असा: ड्रम ब्रेकची गाडी असेल तर साखळीच, दुसरा विचार नको. डिस्कवाली गाडी आणि दिवसा तास-दोन तासांचा थांबा असेल तर डिस्क लॉक पुरतं. रात्रीचा मुक्काम असेल तर साखळी, आणि परवडत असेल तर दोन्ही.

जीपीएस, टॅग आणि चोर स्विच

जीपीएस ट्रॅकरला दोन गोष्टी लागतात: वर उपग्रह दिसायला हवा आणि खाली मोबाईलचं नेटवर्क. जागा उपग्रह सांगतो, पण ती तुमच्या फोनपर्यंत पोचवतं आतलं सिमकार्ड. धुळे, जळगाव, अमळनेरला हे छान चालतं. धडगावच्या डोंगरात किंवा तोरणमाळच्या घाटात तुमच्या स्वतःच्या फोनची रेंज जाते तिथे ट्रॅकरची कशी राहील? घेताना आत स्वतःची छोटी बॅटरी आहे का ते विचारा. नसेल तर गाडीच्या बॅटरीची वायर ओढली की ट्रॅकर मुका. आणि तो सीटखाली बॅटरीला चिकटवून बसवणाऱ्या मेकॅनिकला सांगा, तिथे चोरही पहिला हात घालतो.

आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीबाबत आणखी एक. ट्रॅकर चोवीस तास थोडा थोडा करंट पीत असतो. बॅटरी जुनी असेल तर परत आल्यावर स्टार्टरचा नुसता टिकटिक आवाज येतो, आणि नव्या कित्येक गाड्यांना किकच नसते. दरवर्षी सिमचा रिचार्ज करावा लागतो तो वेगळाच.

अॅपलच्या एअरटॅगसारखे ब्लूटूथ टॅग स्वस्त आणि लपवायला सोपे, नाण्याएवढ्या सेलवर साधारण वर्षभर चालतात. पण त्यांना स्वतःचं नेटवर्क नसतं. जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच्या फोनने टिपलं तरच ठिकाण कळतं, आणि एअरटॅगला तो फोन आयफोनच लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये ठीक आहे. चोपड्याच्या पुढे केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर किती आयफोन जातात ते तुम्हीच मोजा. अँड्रॉइडवर चालणारा टॅग आपल्याकडे त्यापेक्षा बरा. त्यात भर म्हणजे मे २०२४ पासून अॅपल आणि गूगल दोघांचेही फोन अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा देतात. पाळत ठेवली जाऊ नये म्हणून केलेली ही सोय चोरालाही सावध करते.

राहिला चोर स्विच. इग्निशनच्या किंवा गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या वायरमध्ये एक लपवलेलं बटण, मेकॅनिकच्या मजुरीसकट काही शेकड्यांत होणारं काम. ना रिचार्ज, ना रेंज. मास्टर किल्लीने लॉक उघडलं, तरी गाडी सुरूच होत नाही. ढकलत नेता येते, हे खरं, पण यात्रेत किंवा बाजारात बंद गाडी ढकलत जाणारा माणूस सगळ्यांना दिसतो. वॉरंटीतल्या गाडीची वायर मात्र कापू नका, कंपनी हात वर करते. तिथे पेट्रोल पंपाचा किंवा इग्निशनचा फ्यूज काढून खिशात टाकला तरी तेच काम होतं. कुठला फ्यूज ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

या तिघांत मी चोर स्विचला पहिला नंबर देतो, आणि त्याचं मुख्य कारण स्टँड.

स्टँडवर आणि लॉजवर

रेल्वे स्टेशनच्या, देवस्थानाच्या किंवा यात्रेच्या पैसे देऊन लावायच्या स्टँडवर पोरगा अर्धी पावती फाडून हँडलला खोचतो आणि सांगतो, 'हँडल लॉक करू नका.' त्याला गाड्या सरकवून जागा करायची असते. म्हणजे हँडल लॉक, डिस्क लॉक आणि साखळी तिन्ही बाद. उरतो तो चोर स्विच किंवा खिशातला फ्यूज: गाडी सरकते, पण सुरू होत नाही. सप्तशृंगीला जाणाऱ्यांना हे नक्की ठाऊक असेल. चैत्रात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि वर एसटीने जावं लागतं, मग खाली हजारो गाड्यांत आपली एक. अजिंठ्यालाही फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी सोडून लेणीपर्यंत बसने जायचं असतं. तिथे हेल्मेट आणि बॅग गाडीवर ठेवू नका. गाडी राहते, हेल्मेट जातं.

स्टँड की चहाची टपरी, असा प्रश्न आला तर आठवड्यासाठी स्टँड आणि तासासाठी टपरी. टपरीवाला 'आठे लाव भाऊ, मी देखस' (इथे लाव, मी बघतो) म्हणाला की त्याचा एक चहा घ्या आणि गाडी त्याच्या डोळ्यासमोर लावा. पावतीवर बहुतेक ठिकाणी 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं असतं. त्याने सगळं संपत नाही. किल्ली हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली असेल तर नुसत्या अशा छापील ओळीवर हॉटेलला हात झटकता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेला आहे. तो हॉटेलच्या चारचाकीच्या प्रकरणातला आहे. तरी पावती फेकू नका, आणि लावलेल्या जागेचा फोटो काढून ठेवा.

लॉजवर विचारायचं एकच: रात्री फाटक बंद होतं का? होत असेल तर पन्नास-शंभर जास्त द्या. आच्छादनही कामाचं आहे. गाडी कोणती ते झाकलं जातं, टाकी तापत नाही. चैत्र-वैशाखातल्या वाऱ्यात ते उडून जातं, म्हणून खालून बांधायचा पट्टा असलेलं घ्या.

दिव्यांगांसाठी बाजूला चाकं लावलेल्या तीनचाकी स्कूटरचं गणित थोडं वेगळं. ती रुंद, स्टँडच्या रांगेत न मावणारी, म्हणून बाहेर एकटी उभी राहते. पण तिला बाजूच्या चाकांची लोखंडी चौकट असते आणि साखळी ओवायला त्याहून चांगली जागा नाही. मागचं चाक आणि चौकट एकत्र घ्या. कुलूप बसल्या जागेवरून हाताला येईल अशा बाजूला ठेवा, नाहीतर चार दिवसांनी लावायचा कंटाळा येतो.

विमा

'पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे' असं सांगणाऱ्याची पॉलिसी उघडून बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे तो थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा. चोरी त्यात येत नाही. चोरीची भरपाई मिळते ती 'ओन डॅमेज' (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) भागातून, आणि तो बहुतेकांनी घेतलेला असतो एकाच वर्षाचा. दुसऱ्या वर्षापासून गाडी चोरीच्या बाबतीत उघडी. मिळणारी रक्कमही वयानुसार घटते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३० टक्के, चार ते पाचला ५० टक्के घसारा धरला जातो. गाडी नवी आणि महाग असेल तर ट्रॅकरच्या पैशांत हा भाग आधी चालू करून घ्या.

गाडी गेलीच तर ११२ ला फोन करा आणि लगेच एफआयआर नोंदवा. गाडी नंदुरबारला चोरीला गेली आणि तुम्ही अमळनेरला पोचलात तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर होते. नवा फौजदारी कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर ऑनलाइन तक्रारही चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. क्लेमसाठी पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल आणि गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. जुनी गाडी घेताना म्हणूनच दुसरी किल्ली विक्रेत्याकडून तेव्हाच मागून घ्यायची, आणि आरसी नावावर होताच १४ दिवसांच्या आत पॉलिसीही आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा.